फुलायच्या आधी गाठा: सातारा-सांगलीच्या रानातली उपरी झाडं ओळखायची कशी, रोखायची कशी

मृगाचे दोन पाऊस झाले की बांधावर उकिडवं बसून जमिनीकडे बघा. मातीला चिकटून चारी बाजूंनी पसरलेलं एक फिकट हिरवं रोप दिसेल. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, हात फिरवला तर मऊ लव लागते. अजून फूल नाही, उभं खोडही नाही. हेच गाजर गवत, आपल्याकडं ज्याला काँग्रेस म्हणतात ते. या वयात ते दोन बोटांनी मुळासकट निघतं. महिना-दीड महिन्यात ते कमरेला लागतं, पांढऱ्या बारीक फुलांनी भरतं आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे गवत आज आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर आहे. ते इतकं पसरलं, कारण आपण ते फुलल्यावर बघतो. माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच आहे: ही झाडं फुलायच्या आधी ओळखा.

आधी एक गैरसमज काढून टाका

बाहेरून आलेलं सगळंच वाईट नसतं. मिरची, मका, बटाटा, भुईमूग हे सगळं अमेरिका खंडातून आलं आणि आपल्या ताटात बसलं. पण ही पिकं लावली तिथंच राहतात. जे झाड कुणी न लावता उगवतं, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून वाढत जातं आणि दोन-चार वर्षांत तिथलं गवत, चारा, रानभाजी हटवून एकटंच उरतं, ते आक्रमक. हीच कसोटी लावा.

तुमच्या भागात काय शोधायचं

सगळी यादी पाठ करायची गरज नाही. राहता त्या पट्ट्यातली दोन-तीन झाडं नीट ओळखू आली तरी पुष्कळ.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला *रानमोडी* बघा. नावातच सगळं आलं. पान त्रिकोणी, कडा दातेरी, देठापासून तीन शिरा त्रिशूळासारख्या फुटलेल्या. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. थंडीत फिकट पांढऱ्या-जांभळट फुलांचे झुपके येतात आणि मग केसाळ बी वाऱ्यावर उडतं. उन्हाळ्यात वाळलेली रानमोडी वणव्याला आयतं सरपण होते. तिच्या जोडीला *घाणेरी*, म्हणजे टणटणी: चौकोनी काटेरी खोड, खरखरीत पान, एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी-नारिंगी फुलं, पिकल्यावर काळी फळं. बुलबुल ती फळं खातात आणि बी लांबवर टाकतात. गुरांना मात्र तिचा पाला विषारी आहे.

माण, खटाव, आटपाडी, जतकडं *वेडी बाभूळ*. इथं लोक हमखास चुकतात आणि देशी बाभळीवर कुऱ्हाड चालवतात, म्हणून नीट बघा. देशी बाभळीचं फूल पिवळं, गोंड्यासारखं गोल; शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली. वेड्या बाभळीचं फूल बोटासारखं लांबट, फिकट पिवळं. शेंग सरळ, फुगीर, पिकली की पिवळसर आणि चवीला गोड. शेळ्या-मेंढ्या ती आवडीनं खातात, बी पचत नाही, लेंडीतून बाहेर पडून तिथंच रुजतं.

कृष्णाकाठी *जलपर्णी*. चकचकीत गोलसर पान, आणि त्याखाली देठ स्पंजासारखा फुगलेला. तो दाबून बघा, आतली हवा बोटांना कळते. आडव्या फुटव्यांवर पिल्लं येतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुंजका दुप्पट होतो. कुमुदिनीचं पान पाण्यावर सपाट पडून असतं आणि मूळ तळाशी असतं. तिला हात लावू नका.

कास आणि आजूबाजूच्या सड्यांबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळपठारांबद्दल, वेगळं सांगायला हवं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथं पिवळी फुलं दिसतात ती बहुतेक *सोनकी*, आपली स्वतःची: बुटकी, दातेरी अखंड पानांची. नर्सरीतून आलेला *कॉसमॉस* उंच वाढतो, पान बारीक चिरलेलं, फूल नारिंगी-पिवळं, पाकळ्यांची टोकं दातेरी, आणि सुईसारखं बी कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतं. शंका असेल तिथं उपटू नका, आधी फोटो काढा.

नोंद करा, मग हात घाला

पान, देठ, फूल किंवा फळ आणि आजूबाजूची जागा असे चार फोटो घ्या. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले की जाणकार ओळख पटवून देतात. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही कळवा, गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही माहिती यायला हवी. जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय काहीही उपटायचं नाही. वनरक्षकाला सांगा, श्रमदान त्यांच्याबरोबरच करा.

काढायचं कसं

गाजर गवत पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. आमच्या आईनं एका पावसाळ्यात उघड्या हातांनी अंगणातलं गवत काढलं, आणि कोपरापर्यंत हात लाल होऊन दोन महिने खाजत होते. दम्याचा त्रास असेल त्यांनी या कामाला येऊच नये. न फुललेलं गवत खड्ड्यात कुजवून खत करता येतं. फुललेलं मात्र कंपोस्टात टाकू नका, नाहीतर खताबरोबर बीच शेतात पेराल. मोकळ्या झालेल्या जागी वळवाच्या आधी *टाकळ्याचं* बी फोका. तो दाट उगवून गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, आणि कोवळा असताना भाजीही होते. पानांवर मळकट पांढरा, तपकिरी नागमोडी रेघांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. हा मेक्सिकन भुंगा हे गवत खाण्यासाठीच १९८४ पासून आपल्या देशात सोडला गेला. तो आहे तिथं फवारणी टाळा.

घाणेरी वरून कापली की दुप्पट फुटते, हा अनुभव सगळ्यांचाच. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडा, झुडूप उचलून उलटं ठेवा आणि वाळू द्या. नंतर तिथं देशी गवत येईल असं बघा, कारण रिकामी जागा ती पुन्हा घेते. वेड्या बाभळीचंही तेच: बुंधा जमिनीलगत कापून भागत नाही, वीतभर खाली खणून मुळाचा गड्डा काढावा लागतो.

जलपर्णी नेहमी वरच्या अंगाकडून काढत या. वर पुंजके राहिले तर पाण्याबरोबर पुन्हा खाली येतात. काढलेली रास नदीकाठावर ठेवू नका, पूररेषेच्या वर नेऊन वाळवा. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळं एका मोहिमेनं काम संपत नाही. आणि सांडपाणी नदीत येतंय तोवर तिला खाऊ मिळतच राहणार. त्याचा तगादा ग्रामसभेत लावायलाच हवा.

पसरण्याच्या वाटा बंद करा

खरी गफलत इथंच होते. चार वर्षांपूर्वी मी शेणखताची एक ट्रॉली विकत घेतली आणि पुढच्या पावसात दोन एकर रान काँग्रेसनं भरलं. खत घेण्याआधी उकिरड्याभोवती काय उगवलंय ते बघा, खत पूर्ण कुजलेलंच घ्या. मुरूम आणि मातीचंही तसंच, ज्या खाणीच्या कडेला गाजर गवत फुललंय तिथला मुरूम नकोच. जेसीबी, रोटाव्हेटर, ऊसतोडणीचं यंत्र शेतात येण्याआधी चिखल खरवडून, पाण्यानं धुऊन घ्या. मेंढरं बसवली असतील तर पहिल्या पावसानंतर त्या जागी वेड्या बाभळीची रोपं शोधून उपटा. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह आणि जाळं एका पाणवठ्यातून काढून दुसरीकडं नेताना त्यात जलपर्णीचा तुकडा राहत नाही ना, हे बघा. घरच्या टाकीतली पाणवनस्पती आणि शोभेचे मासे ओढ्यात सोडू नका.

बीजगोळे, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, करणाऱ्या शाळांना आणि मंडळांना कळकळीची विनंती: त्यात सुबाभूळ, गिरिपुष्प, कॉसमॉस घालू नका. डोंगर हिरवा दिसेल, पण गुरांना चारा उरणार नाही. सड्यावर तर काहीच टाकू नका, तिथलं उघडं कातळ हेच तिथल्या फुलांचं घर आहे. सड्यावर जाताना आणि परतताना बुटांचे तळ आणि सॉक्स झाडून घ्या.

परत जा

उपटलेल्या जागी तीन आठवड्यांनी पुन्हा जा, दिवाळीच्या आधी एकदा आणि पुढच्या मृगात परत. जमिनीतलं जुनं बी दर पावसाला थोडं थोडं उगवत राहतं. आमच्या बांधावर पहिल्या वर्षी पाच पोती भरली, दुसऱ्या वर्षी दीड. यंदा मी पिशवी घेऊन जातो.