कर्नेलमधलं वायफाय शिकायचंय? आधी घड्याळ बघा

गोकुळ शिरगाव असो, कसबा बावडा असो, कॉलेजच्या पोरांचा फोन आला की लिनक्सच्या गाभ्याबद्दल, म्हणजे कर्नेलबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, कर्नेलमध्ये काम करायचंय, कुठलं पुस्तक वाचू?" त्यातला वायफायकडे वळलेला असेल तर तो पुस्तकाआधी वायफायच्या यूएसबी डाँगलचं मॉडेल विचारतो. मी त्याला उलटा प्रश्न टाकतो. लॅपटॉपनं पाठवलेली फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, राउटरला नीट मिळाली, तर "मिळाली" अशी पोच राउटरनं किती वेळात सुरू करायची असते?

२.४ गिगाहर्ट्झवर १० मायक्रोसेकंदांत, ५ गिगाहर्ट्झवर १६. एवढ्यात इंटरप्ट (चिपनं मारलेली हाक) उचलायचा, फ्रेम तपासायची आणि उत्तर हवेत सोडायचं, हे कर्नेलच्या भरवशावर टाकता येत नाही. म्हणून पोच चिप स्वतःच देते, कर्नेलला विचारत बसत नाही. आता दुसरं टोक बघा. राउटर आपलं अस्तित्व सांगणारा बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी सोडतो. ऑथेंटिकेशनची (जोडणीआधीच्या ओळखीची) फ्रेम पाठवली की कर्नेल सुमारे २०० मिलिसेकंद वाट बघतो आणि असे तीन प्रयत्न करतो. हे कर्नेलला आरामात जमतं. आणि कुठल्या नेटवर्कला जोडायचं, पासवर्डवरून किल्ल्या कशा ठरवायच्या, हे काम युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नेलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमांमधला, डब्ल्यूपीए सप्लिकंट निवांत करतो. मायक्रोसेकंद चिपचे, मिलिसेकंद कर्नेलचे, सेकंद युजरस्पेसचे. अपवाद आहेत, पण कुठलाही बग समोर आला की मी पहिल्यांदा हेच बघतो: बिघडलेली गोष्ट किती वेळात घडायला हवी होती? निम्मा शोध तिथंच संपतो.

मोठा अपवाद फुलमॅक चिपचा. त्यात जोडणीची सगळी बोलणी फर्मवेअरच (चिपच्या आतला प्रोग्रॅम) करतं, कर्नेल फक्त "याला जोड" म्हणून सांगतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावरचं वायफाय याच जातीचं आहे. आपल्याकडे प्रोजेक्टसाठी पाय सगळेच घेतात, आणि मग "मला ऑथेंटिकेशनचा कोड चालताना दिसत नाही" म्हणून डोकं धरून बसतात. दिसणार कसा? तो त्या बोर्डावर कर्नेलमध्ये चालतच नाही. सॉफ्टमॅक चिप हवी. तिच्यासाठी ही बोलणी मॅक८०२११ नावाचा कर्नेलचा भाग करतो. २००७ साली २.६.२२ आवृत्तीत तो आला, आणि त्यानंतर प्रत्येक कंपनीनं आपापला प्रोटोकॉल स्टॅक (बोलणीच्या नियमांचा सगळा कोड) ड्रायव्हरात, म्हणजे चिप चालवणाऱ्या कोडात, कोंबायची गरज संपली. त्याच्या वर सीएफजी८०२११ बसतं, वायफायची सेटिंग सांभाळणारा थर. युजरस्पेसशी ते एनएल८०२११ या संदेशांच्या वाटेनं बोलतं, आणि फुलमॅक ड्रायव्हर थेट त्यालाच जोडले जातात. नेटवरच्या ज्या धड्यात आयडब्ल्यूकॉन्फिग ही कमांड दिसेल तो बाजूला ठेवा. ती जुन्या वायरलेस एक्स्टेन्शन्सची पद्धत. आज आयडब्ल्यू वापरायचं.

डाँगल घ्यायचाच असेल तर एआर९२७१ चिपचा घ्या. त्याचा ड्रायव्हर एथ९के_एचटीसी, आणि विशेष म्हणजे त्याचं फर्मवेअरही उघडं आहे, वाचता येतं. पण खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा डाँगल पुढच्या आवृत्तीत वेगळ्याच कंपनीची चिप घेऊन येतो. दुकानदाराला तो फरक ठाऊक असेलच असं नाही, त्याच्यावर चिडूनही उपयोग नाही. लॅपटॉप सोबत न्या, काउंटरवरच डाँगल लावा आणि एलएसयूएसबी (लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) चालवा. ०सीएफ३:९२७१ हा चिपचा आयडी दिसला तर पैसे द्या, नाहीतर हात जोडा.

आता लॉग वाचण्याबद्दल, कारण नवा माणूस इथं सगळ्यात जास्त घाई करतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मला बोलावलं होतं. मशीनवरचा छोटा लिनक्स डबा नग मोजून सर्व्हरला पाठवायचा आणि दिवसातून अनेकदा नेटवर्कवरून पडायचा. सुपरवायझरांचं मत पक्कं होतं: "ओ साहेब, ड्रायव्हरच बाद हाय, कार्ड बदला की." मी डीमेसेज, म्हणजे कर्नेलचा लॉग, उघडलं. तिथं दोन प्रकारच्या ओळी असू शकतात आणि दोन्हींचा अर्थ पार वेगळा. "डीऑथेंटिकेटेड फ्रॉम" असं दिसलं तर समोरच्यानं आपल्याला हाकललंय, आणि पुढे कारणाचा आकडाही असतो. १५ असेल तर किल्ल्यांची चार संदेशांची देवाणघेवाण वेळेत झाली नाही, म्हणजे आधी पासवर्ड तपासा. इथं मात्र ओळ होती "कनेक्शन टू एपी लॉस्ट", एपी म्हणजे इथं राउटर. कोणी हाकललेलं नाही, समोरून आवाजच बंद झालाय.

हे कर्नेल ठरवतो कसं? चिप स्वतः जोडणीवर लक्ष ठेवत नसेल तर मॅक८०२११ बीकन मोजत असतं. सलग सात चुकले, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आसपास काहीच ऐकू आलं नाही, की त्याला शंका येते. मग ते राउटरला स्वतःहून फ्रेम पाठवून चाचपतं, आणि तरीही उत्तर नाही तर जोडणी तोडतं. मी त्या ओळींच्या वेळा कागदावर उतरवल्या आणि शॉपमध्ये उभा राहिलो. ओव्हरहेड क्रेन जड कास्टिंग घेऊन राउटर आणि डब्याच्या मधे थांबली की थोड्या वेळात ओळ पडायची. राउटर समोरच्या खांबावर हलवला, कार्ड तेच राहिलं. सुपरवायझरांनी चहा सांगितला, पण ड्रायव्हरबद्दलचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही.

घरी बसून हे शिकायला मात्र हार्डवेअर लागतच नाही, आणि हे कोणी लवकर सांगत नाही. मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचं मोड्यूल कर्नेलसोबतच येतं. मोडप्रोब कमांडनं ते चढवताना रेडिओज=२ दिलं की दोन खोटे रेडिओ तयार. एकावर हॉस्टएपीडी चालवून राउटर करायचा, दुसऱ्यावर सप्लिकंट चालवून त्याला जोडायचं. दुसरा रेडिओ वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाका, नाहीतर पिंग मशीनच्या आतल्या आतच फिरेल आणि वायफाय चाललंय असा भास होईल. सोबत एचडब्ल्यूसिम० नावाचा इंटरफेस येतो. तो वर करून वायरशार्क लावा, प्रत्येक फ्रेम समोर दिसते. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्या आणि वरचं कारण १५ येतंय का बघा. मुद्दाम बिघडवून पाहिल्याशिवाय लॉग वाचता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सी यायला हवी हे वेगळं सांगायला नको. पण नेटवर्किंगच्या कोडात खरी मेख वेगळीच आहे: हे फंक्शन झोपू शकतं का, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबू शकतं का? ड्रायव्हर मॅक८०२११ ला फंक्शनांची एक यादी देतो: स्टार्ट, स्टॉप, टीएक्स (फ्रेम पाठवणं), कॉन्फिग वगैरे. यातलं कॉन्फिग झोपू शकतं, टीएक्स झोपू शकत नाही. टीएक्समध्ये म्युटेक्स (वाट बघायला लावणारं कुलूप) घेणारा ड्रायव्हर तुमच्या टेबलावर कदाचित चालेलही, पण लोड आला की कोसळतो. यादीतल्या प्रत्येक फंक्शनवर हेडर फाइलमध्ये टिपण लिहिलेलं आहे, ते आधी वाचा.

कुठल्या चॅनलवर बोलायचं या देशाच्या नियमांचं प्रकरण कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. भारतानं २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. कर्नेल असे नियम रेग्युलेटरी.डीबी या फाइलमधून वाचतो, ४.१५ आवृत्तीपासून थेट. आयडब्ल्यू रेग गेट केल्यावर ००, म्हणजे "देश माहीत नाही", असं आलं तर काही चॅनलवर कार्ड फक्त ऐकतं, स्वतःहून बोलत नाही. "फोनला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही" या तक्रारीत मी हे आधी बघतो.

नोकरीचं म्हणाल तर कोल्हापुरात थेट या कामाची जागा मला तरी दिसलेली नाही. पुणे, बेंगळुरू, नाहीतर घरून काम. मुलाखतीत मात्र गाव कोण विचारत नाही, पॅच (कर्नेलला पाठवलेला कोडातला बदल) दाखव म्हणतात. तेव्हा पहिला पॅच लहान ठेवा: एखादी चुकलेली टिप्पणी, एरर आल्यावर न सोडलेली मेमरी. कोड वायरलेस-नेक्स्ट या वायफायच्या कोडाच्या ताज्या झाडावर (ट्रीवर) बसवा, कोडाची शिस्त तपासणारं चेकपॅच चालवा, गेट_मेंटेनर ज्यांची नावं देईल त्यांना साध्या मजकुराच्या ईमेलनं पाठवा. विषयाची सुरुवात "वायफाय:" या शब्दानं, अर्थात इंग्रजीत, आणि पुढे ड्रायव्हरचं नाव. उत्तर आलं नाही तर आठवडाभर तरी थांबा, आणि मर्ज विंडो (नवा कोड मुख्य कर्नेलमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर ते दोन आठवडे संपेपर्यंत आठवणही करू नका.