अर्ज कुठे अडतो ते आधी शोधा : ऑनलाइन नोकरी-अर्ज आणि पर्सनॅलिटी टेस्टमधल्या या चुका टाळा

रिझ्युमे अपलोड करायचा आणि लगेच पुढच्या पानावर तीच माहिती रकान्या-रकान्यात पुन्हा टाइप करायची. ते संपतंय तोवर शंभरेक विधानं समोर येतात : 'मला नव्या लोकांत मिसळायला आवडतं', सहमत की असहमत? त्यानंतर आठवडेच्या आठवडे शांतता, नाहीतर कारण न सांगता आभार मानणारा ईमेल. या सगळ्याचा राग येणं रास्तच आहे. पण नकार आला की बहुतेक जण रिझ्युमेची भाषा घासूनपुसून घ्यायला बसतात आणि अर्ज अडलेला असतो भलत्याच पायरीवर. ती पायरी सापडली तरच दुरुस्तीला अर्थ.

नकार किती वेळात आला, याकडे लक्ष न देणं

सबमिट केल्यावर काही मिनिटांत नकार आला, तर रिझ्युमे कोणी वाचलेलाच नाही. बहुधा अर्जातल्या एखाद्या हो-नाही प्रश्नाच्या उत्तरावरून यंत्रणेनंच तुम्हाला बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला नकारही यातलाच असू शकतो, कारण असा ईमेल मुद्दाम उशिरा पाठवायची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते. टेस्ट दिल्यादिल्या नकार आला तर तो कटऑफचा. आणि 'अर्ज विचाराधीन' ही पाटी महिनोन्महिने हलत नसेल, तर बहुधा जागा भरून झाली आहे किंवा गोठवली आहे, फक्त पोर्टलवर ते बदलायची तसदी कोणी घेतलेली नाही. तो अर्ज गेला असं धरून पुढे चला.

'एटीएस ७५ टक्के रिझ्युमे माणसापर्यंत पोहोचूच देत नाही' हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल. त्यामागे विश्वासार्ह अभ्यास नाही. एटीएस, म्हणजे अर्जांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, मुळात एक रजिस्टर आहे. अर्ज साठवायचे, माहिती रकान्यांत लावायची, भरती करणाऱ्याला त्यातून शोधू द्यायचं. काही ठिकाणी ते जाहिरातीशी ताडून अर्जांना गुणही देतं आणि अर्जांचा पूर आला की तळाचे अर्ज उघडलेच जात नाहीत. यंत्रणेनं बाजूला काढलं काय किंवा अर्ज उघडलाच गेला नाही काय, उमेदवाराला नकारच, पण उपाय वेगळा. अर्ज तळाशी राहू नये म्हणून जाहिरात निघाल्याबरोबर अर्ज करणं आणि जाहिरातीतलेच शब्द वापरणं उपयोगी पडतं. जाहिरातीत 'प्रोजेक्ट मॅनेजर' असेल, तुम्ही तेच काम करता आणि तुमच्या कंपनीनं त्या पदाला काही तरी निराळंच गोंडस नाव दिलं असेल, तर रिझ्युमेत मूळ पदापुढे कामाचं ओळखीचं नावही लिहा.

हो-नाही प्रश्न घाईत उरकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. भरतीवाले यांना नॉकआउट प्रश्न म्हणतात : या देशात काम करायचा परवाना आहे का, शिफ्टमध्ये काम कराल का, गाव बदलाल का, या कामाचा किमान अमुक वर्षं अनुभव आहे का. उमेदवार रिझ्युमेवर तासन् तास घालवतो आणि हे प्रश्न अर्ध्या मिनिटात संपवतो. 'व्हिसासाठी कंपनीच्या मदतीची गरज लागेल का?' आणि 'काम करायची परवानगी आहे का?' हे दोन प्रश्न बऱ्याचदा एकाखाली एक येतात आणि त्यांची हवी ती उत्तरं उलटी असतात. दोन्हीकडे 'हो' दाबून मोकळे झालात की खेळ संपला.

अनुभवाचा आकडा मोजतानाही लोक स्वतःवर अन्याय करतात. फक्त सध्याच्या पदाची वर्षं धरतात, आधीच्या नोकरीत तेच काम केलेलं विसरतात. खोटं लिहू नका, पण पूर्ण मोजा. अपेक्षित पगाराच्या रकान्यात फक्त आकडाच चालत असेल तर आधी एकक बघा : महिन्याचा विचारलाय की वर्षाचा? महिन्याच्या जागी वर्षाचा आकडा पडला तर फिल्टर तुमची बाजू ऐकून घेणार नाही.

रिझ्युमे यंत्राला कसा दिसतो, हे न तपासणं

दोन कॉलमचा देखणा रिझ्युमे माणसाला आवडतो. सॉफ्टवेअर मात्र कधी कधी दोन्ही कॉलम आडवे वाचत जातं आणि डावीकडची पदवी उजवीकडच्या कंपनीला चिकटते. हेडर-फूटरमधला फोन नंबर, टेक्स्ट बॉक्स, कौशल्याच्या पट्ट्या आणि तारे यांतलं बरंच काही गळून पडतं. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र असतं.

तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळं निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल, साधारण तेच पलीकडे पोहोचतं. क्रम उलटापालटा झाला असेल तर एक कॉलम, साधी शीर्षकं आणि सगळीकडे एकाच पद्धतीच्या तारखा, एवढं केलं तरी बहुतेक गोंधळ मिटतो.

आपोआप भरलेल्या रकान्यांवरही विश्वास ठेवू नका. कंपनीच्या जागी पद, सुरू असलेल्या नोकरीला शेवटची तारीख असे घोळ नेहमीचेच. कंटाळवाणं असलं तरी तपासा, कारण भरती करणारा बऱ्याचदा या रकान्यांवरूनच अर्ज गाळतो, जोडलेली फाइल नंतर उघडतो. तेच ते पुन्हा टाइप करायला लावण्यामागचं कारणही हेच. कारण कळलं म्हणून त्रास कमी होत नाही, ते सोडा.

आणि पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. यंत्रणेनं वेगळा काढलेला मजकूर भरती करणाऱ्याला साध्या अक्षरांत दिसू शकतो, त्यात तुमचे लपवलेले शब्दही उघडे पडतात.

अर्जाची नोंद न ठेवणं

मोठ्या उत्तरांचा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा. पान वेळ संपून बंद पडलं की सगळं जातं. जाहिरातीची प्रत जपून ठेवा, कारण मुलाखतीचा फोन येईपर्यंत ती साइटवरून उतरलेली असते. एकाच कंपनीत दिसेल त्या जागेला अर्ज करू नका. तुमचे सगळे अर्ज तिथे एकाच नावाखाली दिसतात, आणि हिशेबनीस, विक्री, डिझाइन असं सगळंच ज्याला चालतं तो गंभीर वाटत नाही.

टेस्टला आपला आरसा समजणं

आता खरी डोकेदुखी. नोकरीच्या दारातल्या या प्रश्नावल्या शंभरेक वर्षं जुन्या आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकी सैन्यासाठी अशी यादी तयार केली होती. युद्धाच्या धक्क्यानं कोण कोलमडेल ते आधीच ओळखावं, हा हेतू. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि खासगी कंपन्यांना उमेदवारांची लाय डिटेक्टर चाचणी घेणं जवळपास बंद झालं. मग कागदावरच्या 'प्रामाणिकपणा चाचण्यां'ना मागणी आली.

आजच्या बऱ्याच टेस्ट 'बिग फाइव्ह' या पाच स्वभावगुणांभोवती फिरतात : नवेपणाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. त्यांतली कर्तव्यदक्षता जवळपास सगळ्या कामांत थोडीफार उपयोगी ठरते, हे बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. थोडीफार म्हणजे किती? २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा कर्तव्यदक्षतेच्या गुणांचा कामगिरीशी संबंध ०.१९ च्या आसपास निघाला आणि ठरावीक प्रश्नांच्या, आखीव मुलाखतीचा ०.४२. पूर्ण संबंध असता तर आकडा १ आला असता. ०.१९ चा हिशेब केला तर माणसामाणसाच्या कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग त्यातून उलगडतो. हजारो उमेदवार चाळणाऱ्या कंपनीला तेवढ्यानं फायदा होत असेलही. पण तुम्ही एकटे त्या कामाला लायक आहात की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

टेस्टनंतर मिळणारा गोड अहवालही फार मनावर घेऊ नका. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि 'हा तुमचा अहवाल' म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. तो किती अचूक वाटतो याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

चार अक्षरी प्रकार सांगणारी मायर्स-ब्रिग्ज टेस्ट कोणी भरतीसाठी मागितली, तर एवढं माहीत असू द्या की ती उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात.

टेस्टमध्ये संत होणं

'मी कधीच कोणावर चिडलो नाही', 'माझ्या हातून कधीच काही विसरलं गेलं नाही' अशी विधानं बऱ्याचदा मुद्दाम पेरलेली असतात. त्यांना भराभर 'पूर्ण सहमत' ठोकणारा प्रामाणिक ठरत नाही. त्याची बाकीची उत्तरंही संशयानं बघितली जातात. तसंच एकच गोष्ट सुलट-उलट विचारलेली असते : 'मी कामं वेळेआधी संपवतो' आणि चाळीस प्रश्नांनंतर 'माझी कामं शेवटपर्यंत रेंगाळतात'. दोन्हींना सहमती दिली तर ती विसंगती मोजली जाते. आधीची उत्तरं आठवून जुळवत बसणं अवघड, खरं उत्तर दिलं की ते आपोआप जुळतं.

सगळीकडे मधला पर्याय निवडणंही तितकंच वाईट. त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही, आणि जिथे कटऑफ आहे तिथे 'काहीच नाही' हे कमीच पडतं. 'यातलं सर्वांत तुमच्यासारखं आणि सर्वांत कमी तुमच्यासारखं निवडा' अशा टेस्टमध्ये तर चारही पर्याय चांगलेच वाटावेत अशी रचना असते. तिथे त्या पदाचं मुख्य काम डोळ्यांसमोर ठेवा, निवडा आणि पुढे चला.

एक गोष्ट मात्र जरूर करा, आणि ती लबाडी नाही : उत्तर देताना कामावरचे तुम्ही डोळ्यांसमोर आणा. घरी पसारा घालणारा माणूस ऑफिसात काटेकोर असू शकतो. 'मी नीटनेटका आहे' याचं उत्तर कुठला 'मी' देतोय, हे टेस्ट सांगत नाही. प्रश्न कामाच्या संदर्भात बांधून घेतले तर गुणांचा कामगिरीशी संबंध वाढतो, असं संशोधनातही दिसलं आहे.

टेस्ट अडकली की गप्प बसणं

सुरू करण्याआधी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद करा, कॅमेरा लागणार असेल तर परवानगी द्या, मधेच ब्राउझरचं बॅक बटण दाबू नका. तरीही पान गोठलं तर स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा आणि दोन ठिकाणी कळवा : कंपनीच्या एचआरला आणि टेस्ट चालवणाऱ्या कंपनीच्या मदत विभागाला. लिंक पुन्हा उघडून देण्याची सोय बऱ्याचदा या दुसऱ्या ठिकाणीच असते. दृष्टी, वाचनवेग, लक्ष टिकणं यांपैकी कशात अडचण असेल तर जादा वेळ किंवा वेगळी पद्धत टेस्ट सुरू होण्याआधी मागा. निकाल लागल्यावर मागितलेली सवलत सबबीसारखी वाटते.

प्रश्न झोप, नैराश्य, धर्म किंवा लैंगिक आयुष्याकडे वळले तर थांबा. २००५ मध्ये अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयानं पदोन्नतीसाठी वापरलेली एमएमपीआय ही मानसिक विकारांची लक्षणं तपासणारी प्रश्नावली वैद्यकीय तपासणीच ठरवली आणि तिथल्या अपंगत्वविषयक कायद्याखाली तो वापर बेकायदा मानला. देशागणिक नियम वेगळे आहेत, पण 'हे पदाशी कसं संबंधित आहे?' असं विचारायला कुठेच बंदी नाही. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार, निर्णय पूर्णपणे यंत्रानं घेतला असेल तर माणसाकडून फेरविचार मागता येतो. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशी स्वयंचलित साधनं वापरणाऱ्यांना पक्षपाताची तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवारांना आधी कळवावं लागतं.

माणूस भेटण्याआधी सगळं देऊन टाकणं

टेस्टची फी, प्रशिक्षणाची अनामत, ओटीपी, बँक खातं : यातलं काहीही मागितलं की तो अर्ज तिथेच सोडा. पहिल्याच पानावर ओळखपत्राची प्रत लागत नाही. ती ऑफर हातात आल्यावरची गोष्ट.

खऱ्या कंपन्याही कधी कधी कोणाशी एक शब्द होण्याआधी दोन तासांच्या टेस्टचा संच पाठवतात. हा उद्धटपणा आहे, माझ्याकडे दुसरा शब्द नाही. जागा मनापासून हवी असेल तर द्या. नाहीतर आधी दोन ओळी लिहा : 'टेस्ट देण्यास तयार आहे. त्याआधी ही जागा अजून रिकामी आहे ना, पगाराची मर्यादा किती आहे आणि टेस्टचा निकाल निवडीत कसा धरला जातो, हे कळवू शकाल का?' उत्तर आलं तर टेस्टला बसा. आठवडाभरात आलं नाही, तर ते दोन तास दुसऱ्या अर्जाला द्या.