न्यायाधीशांची पगारवाढ कोण ठरवते, हे कसे तपासावे

न्यायाधीशांचे पगार वाढल्याची बातमी वाचली, की ती वाढ कोणत्या न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी आहे, हे सर्वप्रथम पाहावे. सर्वोच्च व उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन एका मार्गाने ठरते आणि तालुका व जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांचे अगदी वेगळ्या मार्गाने. हे दोन मार्ग मिसळले, की बातमीतील आकडे व तारखा यांचा मेळ लागत नाही.

बातमी वरच्या न्यायालयांविषयी असेल, तर संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आहे का, हे शोधावे. मूळ राज्यघटनेत हे आकडे थेट दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेले होते. भारताच्या सरन्यायाधीशांना दरमहा 5,000 रुपये आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना 3,500 रुपये. ते बदलायचे तर घटनादुरुस्ती करावी लागे. 1986 च्या चोपन्नाव्या घटनादुरुस्तीने ते अनुक्रमे 10,000 आणि 8,000 रुपयांवर नेले आणि पुढील वाढ साध्या कायद्याने करण्याचा अधिकार संसदेला दिला. तेव्हापासून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी 1954 च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी 1958 च्या वेतन व सेवाशर्तीविषयक कायद्यात दुरुस्ती केली जाते. सध्याचे आकडे 2018 च्या दुरुस्तीचे आहेत: सरन्यायाधीशांना 2,80,000 रुपये, सर्वोच्च न्यायालयाचे इतर न्यायाधीश व उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती यांना 2,50,000 रुपये आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना 2,25,000 रुपये. कायदा 2018 चा असला तरी ही वाढ 1 जानेवारी 2016 पासून लागू झाली. म्हणून घोषणेची तारीख आणि लागू होण्याची तारीख नेहमी वेगवेगळी टिपून ठेवावी. थकबाकीचा हिशेब लागू होण्याच्या तारखेपासून होतो.

कायदा वाचून एवढे कळते, पण हाच आकडा का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी केंद्रीय वेतन आयोगाचा तक्ता शेजारी ठेवावा. सातव्या आयोगाने मंत्रिमंडळ सचिवांचे वेतन 2,50,000 आणि भारत सरकारच्या सचिवांचे 2,25,000 रुपये ठरवले. त्याआधीच्या फेरीत हे आकडे 90,000 व 80,000 होते आणि त्याच्या आधी 30,000 व 26,000. सरन्यायाधीश वगळता सर्वोच्च न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतनही त्या त्या वेळी अनुक्रमे नेमके तेवढेच ठरले. सर्वोच्च व उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आयोगाच्या कार्यकक्षेत नसतात, तरी त्यांची वाढ प्रत्यक्षात आयोगाच्या पाठोपाठच येते. कार्यपालिकेपासून स्वतंत्र असलेल्या न्यायसंस्थेचे वेतन कार्यपालिकेच्या सचिवांच्या मापाने ठरावे, ही या व्यवस्थेतील सर्वांत खटकणारी गोष्ट आहे असे मला वाटते.

बातमी जिल्हा न्यायव्यवस्थेविषयी असेल, तर संसदेत काहीही सापडणार नाही. तेथे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश पाहावे लागतात. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकेवर 1993 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की न्यायाधीशांची तुलना प्रशासकीय अधिकाऱ्यांशी करता येणार नाही आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र आयोग हवा. त्यातून 1996 मध्ये न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांचा पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग आला. दुसरा आयोग न्यायमूर्ती पी. वेंकटराम रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली 2017 मध्ये नेमला गेला. त्याने 2.81 हा गुणक सुचवला, तो उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मिळालेल्या वाढीच्या प्रमाणात. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन 27,700 होते, त्याला 2.81 ने गुणले की 77,837 येतात, म्हणून नवे वेतन 77,840 रुपये. म्हणजे स्वतंत्र आयोग असूनही तालुक्याच्या न्यायाधीशाचा पगार उच्च न्यायालयामार्गे सचिवांच्या वेतनाशीच बांधला गेला आहे. हीही वाढ 1 जानेवारी 2016 पासूनचीच, पण ती मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै 2022 मध्ये आला. सर्वांत जास्त खटले ज्यांच्यापुढे चालतात, त्यांना सर्वांत जास्त थांबावे लागले, हे योग्य झाले नाही.

आदेशानंतर राज्य सरकारला शासन निर्णय काढावा लागतो, कारण पैसा राज्याचा असतो. महाराष्ट्रात तो विधी व न्याय विभागाच्या शासन निर्णयांमध्ये शोधावा. अर्थसंकल्पात पाहत असाल तर ‘भारित’ (ज्या खर्चावर मतदान होत नाही) आणि ‘दत्तमत’ (ज्यावर विधानसभा मतदान करते) हे दोन रकाने तपासावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते, त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या वेतनाला मात्र असे घटनात्मक संरक्षण नाही. शिवाय उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे भत्ते, रजा व निवृत्तिवेतनाचे हक्क नेमणुकीनंतर त्याच्या अहिताचे ठरतील असे बदलता येत नाहीत.

महागाई भत्त्याची वाढ आणि वेतनवाढ यांत गल्लत करू नये. भत्ता सामान्यतः 1 जानेवारी व 1 जुलैपासून वाढतो आणि त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही.

तुलनेसाठी खासदारांचे वेतन तपासायचे असेल तर राज्यघटनेचा अनुच्छेद 106 व खासदारांच्या वेतनाविषयीचा 1954 चा कायदा पाहावा. येथे घेणारे आणि ठरवणारे एकच असल्यामुळे टीका होत असे. म्हणून 2018 मध्ये वेतन 1,00,000 रुपये करतानाच दर पाच वर्षांनी ते आयकर कायद्यातील महागाई निर्देशांकानुसार सुधारण्याची तरतूद करण्यात आली. त्यानुसार मार्च 2025 मध्ये अधिसूचना निघून 1 एप्रिल 2023 पासून ते 1,24,000 रुपये झाले. सूत्र आधी ठरलेले असल्याने कोणीही आकडा पडताळू शकतो. न्यायाधीशांसाठी असे सूत्र नाही.

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. त्या पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर झाली आणि अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत आहे. अहवाल आला की त्यातील सचिव व मंत्रिमंडळ सचिव यांचे आकडे टिपून घ्यावेत, नंतर न्यायाधीशांच्या वेतनाविषयीच्या 1954 व 1958 च्या कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक संसदेत कधी मांडले जाते ते पाहावे आणि तालुका-जिल्हा न्यायाधीशांसाठी पुढचा न्यायिक वेतन आयोग कधी नेमला जातो, याकडे लक्ष ठेवावे.