धमकी आली की पहारा कुठे बसवायचा? नहेम्या 4:9

चर्चच्या तरुण संघात किंवा भोसरी-चाकणच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये पहिल्यांदाच हाताखाली माणसं आली, की बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय सलग वाचावा. एकटं नववं वचन उचलू नये, ते अर्धंच हाती लागतं. (हिब्रू बायबलात हेच वचन 4:3 आहे, भाष्य चाळताना गोंधळ नको.)

काळ इसवी सनपूर्व 445. यहुदी अधिकारी नहेम्या यरुशलेमेचा पडका कोट पुन्हा बांधून घेतोय. कोट निम्म्या उंचीवर आलाय आणि त्याचे विरोधक सनबल्लट, तोबीया व आजूबाजूचे लोक चालून येण्याचा कट करतायत. नववं वचन सांगतं: नहेम्या प्रार्थना करतो आणि रात्रंदिवस पहाराही ठेवतो. नवखा लीडर बहुतेकदा यातलं एकच करतो.

पण खरी गोम दहाव्या वचनात. पहारा बसतो न बसतो तोच घरचीच माणसं म्हणतात, ओझेवाल्यांची ताकद संपली, राडारोडा फार आहे. कस्टमरचा 'ऑर्डर दुसरीकडे हलवू' असा मेल आला, तर उत्तर टाइप करण्याआधी रिजेक्शनचा ट्रे बघा आणि सलग डबल शिफ्ट कोण मारतंय ते बघा. दमणूक आधीचीच असते, मेलमुळे ती नुसती उघडी पडते.

बाराव्या वचनात शत्रूंच्या शेजारी राहणारे यहुदी येऊन दहा-दहा वेळा तीच भीती सांगतात. दहादा ऐकलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. वहीत तीन रकाने आखा: कोणी सांगितलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, कधी. बऱ्याच नोंदींचा उगम एकाच चहाच्या टपरीवर सापडतो.

तेरावं वचन सगळ्यात कामाचं. पहारा कोटाच्या सखल, उघड्या जागी, आणि तोही कुळाकुळाने. शॉपमध्ये सखल जागा म्हणजे फायनल इन्स्पेक्शन, किंवा जे मशीन एकाच ऑपरेटरला चालवता येतं ते. तिथे आधीपासून एकमेकांसोबत काम केलेली जोडी लावा. अनोळखी दोघं एकमेकांवर ढकलतात.

त्यानंतर नहेम्याची निम्मी माणसं बांधकामावर आणि निम्मी भाले-ढाली घेऊन उभी. इथे हमखास चूक होते: धमकी आली की अख्खी टीम मीटिंगला. मग डिस्पॅच चुकतो आणि कस्टमरचं म्हणणं आपणच खरं करून देतो. धोक्याचा कर्णा वाजवणारा एकच होता, तोही नहेम्याच्या शेजारी. तातडीचा फोन कोणी करायचा, ते एकच नाव आधी ठरवा. चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार सूचना गेल्या तर कोणीच जागचं हलत नाही.

पाचव्या अध्यायात तर आपल्याच लोकांच्या व्याजाची आणि धान्याची तक्रार येते. ओव्हरटाइमचे पैसे थकवून निष्ठा मागणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

कोट 52 दिवसांत पुरा झाला. तरी 7:3 मध्ये हुकूम आहे: ऊन तापेपर्यंत वेशी उघडू नका, आणि रहिवाशांनी आपापल्या घरासमोर पहारा द्यावा. कस्टमरचा सूर नरमला की पहिल्यांदा जादा तपासणीच बंद केली जाते. ती चालू ठेवा.