जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया आणि अपत्याची इच्छा: आधी काय विचारावे, नंतर काय तपासावे

जांघेतला हर्निया, म्हणजे अंतर्गळ, दुरुस्त करताना सर्जनला ज्या अरुंद जागेत काम करावे लागते, तिथूनच वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्राणू वाहून नेणारी शुक्रवाहिनी जाते. हर्नियाची पिशवी या साऱ्यांपासून अलगद सोडवावी लागते. प्रौढ माणसाची शुक्रवाहिनी बोटांच्या चिमटीत ताठ सुतळीसारखी लागते, त्यामुळे ती सहसा ओळखू येते. लहान मुलात मात्र ती फारच बारीक असल्याने दुखापतीचा धोका अधिक असतो.

ही वाहिनी कापली किंवा चिमटली जाणे, वृषणाचा रक्तपुरवठा कमी होऊन ते आक्रसणे, आणि हर्निया दुरुस्त करताना बसवलेल्या जाळीभोवती तयार होणाऱ्या व्रणाने वाहिनी आवळली जाणे, असे तीन प्रकारचे अपाय संभवतात. तिन्ही विरळ आहेत. जाळीविषयी बरीच भीती पसरली असली, तरी स्वीडनमधील नोंदींवर आधारित अभ्यासांत जाळीमुळे वंध्यत्व वाढल्याचे दिसलेले नाही. शिवाय एका बाजूला इजा झाली तरी दुसरे वृषण निरोगी असल्यास अपत्यप्राप्तीस ते बहुधा पुरते. म्हणून या भीतीपोटी आवश्यक शस्त्रक्रिया टाळू नये. आतडे अडकून तातडीने ऑपरेशन करावे लागले तर धोका वाढतोच.

खरी सावधगिरी हवी ती दोन्ही बाजूंना हर्निया असेल तेव्हा, किंवा एकच वृषण असेल, एक लहान वा अंडकोषात न उतरलेले असेल, गालगुंडात वृषणाला सूज येऊन गेली असेल तेव्हा. अशा व्यक्तीने शस्त्रक्रियेपूर्वी वीर्यतपासणी करून अहवाल जपून ठेवावा, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो; शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दलही याच वेळी विचारावे. हर्निया पुन्हा उद्भवला असेल आणि पहिली शस्त्रक्रिया समोरून झाली असेल, तर जुन्या व्रणातून वाट काढण्याऐवजी पोटाच्या भिंतीच्या मागच्या बाजूने, दुर्बिणीतून जाता येईल का, हे विचारावे. मूल हवे आहे ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी, कारण संमतिपत्र बहुतेकांच्या हाती येते ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री, आणि तेव्हा प्रश्न विचारायला ना वेळ असतो ना धीर.

शस्त्रक्रियेनंतर अंडकोषाला थोडी सूज आणि काळसर निळेपणा येणे सामान्य आहे. परंतु पहिल्या काही दिवसांत वृषण टणक होऊन तीव्र दुखू लागले, ताप आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवून रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी.

वीर्यतपासणी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत केल्यास निष्कर्ष फसवा ठरू शकतो, कारण शुक्राणू तयार होण्यास सुमारे 70 ते 75 दिवस लागतात. तपासणीपूर्वी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळावे. नमुना घरी घेतल्यास तो अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा आणि सुरुवातीचे थेंब सांडले असतील तर न संकोचता सांगावे, कारण शुक्राणू त्यांतच जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापदंडानुसार दर मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची संदर्भसीमा आहे; एक अहवाल कमी आला तर तपासणी पुन्हा करावी.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासण्यांची रांग आपल्याकडे पत्नीपासून सुरू होते आणि पतीचे बालपणीचे हर्नियाचे ऑपरेशन कोणी सांगतही नाही. ते जरूर सांगावे. वीर्यात शुक्राणू शून्य, पण वृषणांचा आकार आणि एफएसएच (शुक्राणुनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक) सामान्य असेल, तर बनण्यात नव्हे, वाटेत अडथळा असल्याची शक्यता बळावते. वाहिनीची तुटलेली टोके सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येतात, मात्र नसबंदीनंतरच्या जोडणीपेक्षा हे काम अवघड असते, कारण टोके जांघेत मागे सरलेली असतात. ते शक्य नसल्यास वृषणातून थेट शुक्राणू काढून इक्सी पद्धतीने, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून, गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो.