ईजेकेबीएच म्हणजे मराठी

जुन्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या, फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील अशा रूपात, आणायचं काम शिकायचंय, म्हणून अधूनमधून एखादं पोरगं माझ्याकडे येतं. बहुतेकांच्या घरी माळ्यावर फ्लॉपीचा डबा सापडलेला असतो आणि डोळ्यांत ते जुने दिवस. मजा आहे या कामात, नाही म्हणत नाही. पण मी यात पडले ती हौसेनं नाही, स्वतःच्या गाढवपणामुळं. तो आधी सांगते.

१९९९ साली सेलूत आमच्या घरी कॉम्प्युटर आला. कापसाच्या चुकाऱ्यातले ३८ हजार गेले. सेलेरॉन, ३२ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८. औरंगाबादहून एसटीनं आणला, मॉनिटर सगळा रस्ताभर अण्णांच्या मांडीवर. तो आणला भावासाठी. मला रात्री साडेदहानंतर बसायला मिळायचं, तेही वीज असली तर. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, म्हणून वायरमननं अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून अर्थिंग करून दिलं आणि उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओता म्हणाला. मे महिन्यात! नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं तेव्हा. माय म्हणायची, "माणसाला प्यायला न्हाई अन् मशीनला कामून?" मग भांडी विसळलेलं पाणी ओतायचो आम्ही.

रात्री मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायचे. ती खाटेवरून सांगायची, मी बडवायचे. चार वर्षांत साडेतीनशेच्या वर झाल्या. डीटीपीच्या दुकानात कामाला होते, तिथल्या सरांनी दिलेला फाँट घरी टाकला होता. २००४ मध्ये आजी गेली. पुढं कॉम्प्युटर बसला, फायली फ्लॉपीवर होत्या, फ्लॉपीवरून सीडीवर आल्या, मी निर्धास्त. २०११ मध्ये नवीन मशीनवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा. एक ओवी वाचता येईना.

इथं थांबून नीट समजून घ्या, कारण जो तो इथंच आपटतो. त्या काळच्या फाँटमध्ये मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली होती. कृतिदेव या जुन्या फाँटचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी, एच अशा पाच कळा दाबायच्या. पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण फायलीत साठतं ते 'ईजेकेबीएच'च. फाँट आहे तोवर सोंग टिकतं. फाँट गेला की सोंग उतरलं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथं 'म' हा कुठल्याही मशीनवर 'म'च असतो.

मग वाटतं, सोपं आहे, ई दिसला की म घाला, जे दिसला की र. मलाही वाटलं होतं. पण जुने फाँट टाइपरायटरच्या वळणानं चालतात, म्हणजे डोळ्याला दिसतं त्या क्रमानं. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं: 'कर्म' मध्ये जुना फाँट क, म आणि शेवटी रफार ठेवतो, युनिकोडला र म च्या आधी लागतो. 'श' म्हणजे अर्धा श आणि पुढं काना, दोन कळा. म्हणजे नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हे काम करणारे कन्व्हर्टर फुकटही मिळतात आणि बरेचसे हिंदीसाठी बनवलेले असतात. तिथं आपला 'ऱ्य' मरतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'तऱ्हा'ची 'तर्हा' होते. 'ॲ'चंही बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात ते अ आणि वर चंद्र असं दोन तुकड्यांत असतं. दिसायला तेच, शोधायला गेलं की सापडत नाही.

आणि माझा खरा घात पुढंच आहे. सरांनी दिलेला फाँट नावानं ओळखीचा होता, पण कुणीतरी त्यातल्या दहा-बारा कळा आपल्या सोयीनं हलवल्या होत्या. म्हणून कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर, याचा कुठलाच तयार तक्ता बसेना. सरांकडे गेले तर म्हणाले, ते दुकानाचं गुपित आहे. गुपित! चार वर्षं त्यांच्याकडे कळा पाठ केल्या, अमुक कळ का म्हणून विचारलं तर 'पाठ कर, प्रश्न नको'. असा गुरू भेटला तर काम शिका, पण त्याच्या कुलपात स्वतःचा माल ठेवू नका. शेवटी सुटका झाली ती कागदानं. आजीच्या वर्षश्राद्धाला मी साठेक ओव्यांची प्रत काढून वाटली होती. एक मावशीकडे देव्हाऱ्यात निघाली, कुंकवानं माखलेली. ती समोर ठेवून कळ न् कळ जुळवली आणि तक्ता मीच बनवला. अकरा महिने गेले.

म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न: फाँटची फाइल आहे का? नुसतं नाव नको, फाइल. दुसरा: छापलेलं एखादं पान आहे का? स्मरणिका, लग्नपत्रिका, प्रबंधाची बांधलेली प्रत, काहीही चालेल. दोन्ही नसेल तर ॲडव्हान्स घेऊ नका. मी एकदा घेतला होता, परत करताना नाक कापलं.

फ्लॉपीचं थोडक्यात. यूएसबीवाला ड्राइव्ह साडेतीन इंची वाचतो, जुनी सव्वापाच इंची वाचत नाही. आधी शटर सरकवून उजेडात बघा, चकतीवर बुरशीचे ठिपके असतील तर ड्राइव्हमध्ये घालू नका. एक घाणेरडी फ्लॉपी वाचणारं हेड खराब करते आणि मागून येणाऱ्या चांगल्यांवर ओरखडे पाडते. चांगली असेल तर एकदाच अख्खी प्रत काढून घ्या, पुढचं सगळं त्या प्रतीवर.

मोबाइलनं फोटो काढून मजकूर मिळवणारी ॲपं आता आहेत. वापरा, मीही वापरते. पण माझ्या आजीच्या 'व्हती'चं एकानं परस्पर 'होती' करून टाकलं. ओवीत एक मात्रा इकडची तिकडं झाली की दळणाचा ठेका जातो. प्रबंधाला ते चालेल, ओवीला नाही.

आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे आपल्या लिप्यांसाठीचा सरकारी कीबोर्ड, शिका. इंग्रजी स्पेलिंगनं मराठी टाइप करणं मला आवडत नाही, हे माझं खूळ समजा. पण ज्याला वेलांटी आधी की अक्षर आधी हे बोटांनी कळलेलं नाही, त्याला रफार कुठं चुकला ते डोळ्यांनी दिसत नाही. तीन आठवडे रोज अर्धा तास बसलात तर हात बसतो. सुरुवातीला रडू येईल. मला तिशी उलटल्यावर जमलं, तुम्हाला न जमायला काय झालं?

पैसे मिळतात का, हे सगळे शेवटी विचारतात. पहिल्या वर्षी चहापाण्यापुरते. एकदा कन्व्हर्ट केलेला मजकूर अक्षर न् अक्षर तपासून देता हे कळलं की माणसं शोधत येतात, कारण तपासायचा कंटाळा सगळ्यांना असतो.

माझ्या डब्यातली चार नंबरची फ्लॉपी अजून वाचता आलेली नाही. सीडीवर नेताना तीच राहिली होती. तिच्यावर बुरशी आहे आणि माझ्याच अक्षरात 'पंढरीच्या ओव्या, ४१' लिहिलंय. दर उन्हाळ्यात, हवा कोरडी असते तेव्हा, बाहेर काढते, उजेडात धरते आणि परत ठेवते.