सिप फोनसाठी डीएनएसमधून फेलओव्हर

सिपचे (इंटरनेटवरून कॉल लावायची पद्धत) दोन सर्व्हर असतील आणि एक पडल्यावर दुसऱ्याने काम उचलावं (फेलओव्हर) असं हवं असेल, तर डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) नुसत्या ए रेकॉर्डवर (नावाचा आयपी पत्ता सांगणारी नोंद) विसंबू नका, एसआरव्ही रेकॉर्ड (सेवेसाठी कोणता सर्व्हर वापरायचा ते सांगणारी नोंद) करा. नाव '_sip._udp.' आणि पुढे तुमचं डोमेन. आत क्रमाने प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, सर्व्हरचं नाव. इथे आयपी किंवा सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) देऊ नका. ए रेकॉर्ड असलेलं नावच हवं.

प्रायॉरिटीचा आकडा लहान, त्याचा नंबर आधी. १० आणि २० दिले तर २०वाला पहिला पडल्यावरच कामाला येतो. भार वाटायचा असेल तर दोघांनाही १० द्या, वेट ७० आणि ३०.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते: फोनमध्ये ५०६० पोर्ट भरलेला असला की नियमाप्रमाणे फोन एसआरव्ही बघतच नाही. तो रकाना रिकामा ठेवा. काही फोनांत ० लिहावं लागतं.

टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो काळ) ३०० सेकंद पुरे. सर्व्हर पडल्यावर वेळ जातो तो उत्तराची वाट बघण्यात, कारण सिपची मूळ मुदत ३२ सेकंदांची आहे. तोवर माणूस रिसीव्हर ठेवून देतो. फोनमध्ये सोय असेल तर ती मुदत ४-५ सेकंदांवर आणा, मग पहिल्या सर्व्हरची केबल काढून खरा कॉल लावून बघा. नोंदणीची (कोणता फोन कुठे आहे याची) माहिती दोन्ही सर्व्हरकडे हवी, नाहीतर बाहेर कॉल जातील पण येणारे वाजणार नाहीत. चालू असलेला कॉल मात्र डीएनएस वाचवू शकत नाही.